दादर, माटुंगा, धारावी: लागून असलेल्या वस्त्या इतक्या वेगळ्या कशा?

दादर स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून उत्तरेकडे चालायला लागा. आधी लागतात हिंदू कॉलनीच्या नंबर दिलेल्या गल्ल्या, मराठी पाट्या, शाळा सुटल्याची गर्दी. मग पारशी कॉलनी: रुंद फुटपाथ, मोठमोठी झाडं, भर दुपारी कमालीची शांतता. फाइव्ह गार्डन्स ओलांडून माटुंग्याच्या बाजारात आलात की केळीची पानं, मोगऱ्याचे गजरे आणि फिल्टर कॉफीचा वास. तिथून सायनकडे जाऊन रुळांपलीकडे गेलं की धारावी. रमतगमत गेलं तरी तास-दीड तासाचा रस्ता.

एवढ्याशा अंतरात इतका फरक कसा, असं विचारलं तर सहसा उत्तर मिळतं की ‘पारशी तिकडे गेले, मद्रासी इकडे आले, गरीब तिकडे राहिले.’ हे उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. माणसं आपल्या पायांनी आली हे खरं. पण कुठली जमीन कुणासाठी मोकळी होती, किती वर्षांच्या करारानं मिळणार होती आणि तिथे काय बांधायची परवानगी होती, हे आधी कुणीतरी ठरवलेलं होतं. या भागातली जवळपास प्रत्येक वस्ती अशा एखाद्या निर्णयातून निघाली आहे. आणि फाइव्ह गार्डन्स आणि धारावी एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत, असं माझं मत आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

महापालिकेच्या कारभारात हा पट्टा मुख्यतः एफ-उत्तर आणि जी-उत्तर या दोन विभागांत येतो. दादर, हिंदू आणि पारशी कॉलनी, माटुंगा, वडाळा, सायन, माहीम, शिवाजी पार्क आणि धारावी. शेजारचं नायगाव कागदोपत्री वेगळ्या विभागात पडतं, पण गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही.

शहर उत्तरेला येण्याआधी

इथली जमीन रिकामी होती, असं जुने सरकारी नकाशे बघून वाटतं. ती तशी नव्हती. माहीम हे तर मूळ मुंबईच्या आधीचं गाव. बिंबराजानं इथे राजधानी केली, अशी परंपरा आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातले विद्वान मखदूम अली माहिमी यांचा दर्गा इथेच आहे आणि त्यांच्या उरुसात पहिला मान आजही मुंबई पोलिसांचा असतो. माहीमचं सेंट मायकल चर्च १५३४ सालचं. दादरचं पोर्तुगीज चर्च १५९६ सालचं. त्याची आजची इमारत मात्र चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात बांधली. गोखले रोडवर बसमधून जाणाऱ्या बहुतेकांना ती जुन्या चर्चसारखी वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे.

माहीम-दादरच्या किनाऱ्याला कोळीवाडे होते, नारळीच्या वाड्या होत्या. माडी काढणारे भंडारी होते, पाचकळशी आणि पाठारे प्रभू बागायतदार होते, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं होती. पूर्वेला, माटुंग्याकडे भातशेती, वडाळा-सायनकडे मिठागरं. इंग्रजांच्या लेखी हे शहराबाहेरचं होतं. सायनचा किल्ला, माहीमचा किल्ला, धारावीचा काळा किल्ला ही शहराच्या टोकाची ठाणी होती. १८०५ मध्ये सायनकडून साष्टी बेटाला जोडणारा रस्ता झाला. १८४५ मध्ये माहीम कॉजवे झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि अट घातली की या रस्त्यावर टोल लावायचा नाही. (आजच्या मुंबईकरानं ही अट जरा सावकाश वाचावी.)

१८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे याच भागातून गेली. तरीही वस्ती काही इकडे सरकली नाही. कामधंदा, बंदर, बाजार सगळं दक्षिणेला होतं आणि माणसं मांडवी, काळबादेवी, भुलेश्वर, गिरगावातच दाटीनं राहत होती. शहर उत्तरेला ढकललं ते एका साथीनं.

प्लेगचा धडा, अर्धा चुकलेला

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. पुढच्या काही महिन्यांत लोक मिळेल त्या वाटेनं शहर सोडून गेले. गिरण्या ओस पडल्या, बंदरावर माल उचलायला हात मिळेनात. सरकार हादरलं ते माणसं मेली म्हणून तर खरंच, पण व्यापार थांबला म्हणून जास्त.

पिसवांमुळे उंदरांतून माणसांत प्लेग येतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला शास्त्रीय मान्यता मिळायला आणखी दहाएक वर्षं गेली. तेव्हाची समजूत अशी की रोग अंधाऱ्या, कोंदट, ओल्या खोल्यांत पैदा होतो. तेव्हा उपाय काय? दाट वस्त्या फोडायच्या, रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत घ्यायचा आणि शहराबाहेर नवी, हवेशीर वस्ती वसवायची. यासाठी १८९८ मध्ये कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याच्या मंडळावर सरकारचे, महापालिकेचे, पोर्ट ट्रस्टचे, गिरणीमालकांचे प्रतिनिधी. जमीन सक्तीनं संपादन करण्याचा अधिकार त्याच्या हाती.

ट्रस्टनं दक्षिणेत प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे मोठे रस्ते काढले. त्यासाठी हजारो खोल्या पाडल्या. त्या खोल्यांतल्या गरिबांसाठी चाळीही बांधल्या, ‘बी.आय.टी. चाळ’ हे नाव अजून आपल्या बोलण्यात आहे. पण सुरुवातीच्या वर्षांत पाडणं फार झालं आणि बांधणं कमी. निघालेली माणसं बाजूच्याच गल्लीत आणखी दाटीनं राहू लागली.

उत्तरेत मात्र ट्रस्टला मोकळा कागद मिळाला. १८९९-१९०० मध्ये दादर-माटुंगा आणि सायन-माटुंगा योजना आखल्या गेल्या. एकट्या दादर-माटुंग्याची जमीन ४४० एकर. भाताची खाचरं भरून काढायची, आधी रस्ते आणि गटारं घालायची, मग प्लॉट पाडून लोकांना द्यायचे. दादर, माटुंगा, सायन आणि शिवडी-वडाळा मिळून दोन लाख माणसांची सोय होईल, असा हिशेब होता. सायन पूर्वेचे पत्ते आजही ‘स्कीम नंबर ६, रोड नंबर अमुक’ असे लिहिले जातात. ती स्कीम हीच. पोस्टमनला त्यात काही विशेष वाटत नाही, पण जगात किती वस्त्यांच्या पत्त्यात सरकारी फायलीचा नंबर राहिला असेल?

योजना कागदावर उतरली तरी घरं उभी राहायला वीस वर्षं गेली. जमीन संपादनाचे दावे चालले, भराव घालायला वेळ लागला, आणि मुळात इतक्या लांब, पाणथळ जागेत राहायला जाणार कोण, हाही प्रश्न होता. खरी बांधाबांध पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० च्या दशकात सुरू झाली.

साडेत्रेसष्ट अंशांचा कोन

या वस्त्यांना आजचं रूप कसं आलं, हे समजायला एक लहानसं गणित पुरतं. जे. पी. ऑर नावाचे अधिकारी १९०९ पासून दहाएक वर्षं ट्रस्टचे अध्यक्ष होते. खोलीत उजेड किती यावा, याचा त्यांना ध्यास होता. तोवर क्षयरोगाचीही चिंता वाढली होती आणि उजेड-वाऱ्याचा आग्रह तिथे खरोखरच लागू पडत होता. ऑर यांनी नियम धरला साडेत्रेसष्ट अंशांचा.

तो असा. तळमजल्यावरच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे एक रेघ ओढा. ती रेघ जमिनीशी जो कोन करते, तो साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नसावा. म्हणजे रेघेच्या वरचं आभाळ मोकळं राहतं आणि उजेड तळापर्यंत पोचतो. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर या कोनाचा टॅन्जंट जवळपास दोन येतो. सोप्या शब्दांत: समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर मधे हवं. ४० फुटी इमारत बांधायची असेल तर शेजारच्या इमारतीपासून २० फूट सोडा. अंतर कमी हवं असेल तर मजले कमी करा.

आता हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत एखाद्या जुन्या इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उभे राहा. तळमजला आणि वर दोन मजले, दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी, पुढे थोडं अंगण, तिन्हीकडून खिडक्या. ही काही वास्तुविशारदाची हौस नव्हे. प्लॉट घेताना सही केलेल्या करारातल्या अटींचा तो परिणाम आहे. भुलेश्वरची इमारत शेजारच्या इमारतीला खांदा लावून उभी असते. माटुंग्याची इमारत चारही बाजूंनी सुटी.

प्लॉट विकले जात नसत, भाडेपट्ट्यानं दिले जात, ९९ किंवा ९९९ वर्षांच्या. मालकी ट्रस्टची. त्यामुळे काय बांधायचं, किती बांधायचं, कुठला धंदा करायचा नाही, हे सांगायचा हक्क ट्रस्टकडे राही. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि हे सगळे करार पालिकेच्या हाती आले. आपल्या आजोबांनी ‘घेतलेल्या’ इमारतीची जमीन पालिकेची आहे, हे अनेक कुटुंबांना पुनर्विकासाचा विषय निघाल्यावरच कळतं.

एका इंजिनियरची चिकाटी आणि १०३ प्लॉट

पारशी कॉलनी हे या पद्धतीचं सगळ्यात नेमकं उदाहरण. मंचेरजी जोशी हे ट्रस्टमध्येच काम करणारे पारशी इंजिनियर. मध्यम उत्पन्नाच्या पारशी कुटुंबांना दक्षिण मुंबईत घर परवडत नाही, हे ते पाहत होते. त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून या योजनेतले १०३ प्लॉट पारशी समाजासाठी राखून घेतले, ९९९ वर्षांच्या करारानं. बॉम्बेतल्या इतर पारशी ‘बाग’ आणि ‘कॉलन्यां’ना भिंती आणि फाटक असतं. इथे नाही. कुणीही यावं, झाडांखालून चालत जावं. फाइव्ह गार्डन्सला आज त्यांचंच नाव आहे. जगातली पारशांची सगळ्यात मोठी वस्ती म्हणून तिचा उल्लेख होतो. पण तिचा जन्म कुठल्या मोठ्या शेठजींच्या दानातून झाला नाही. फायली कशा हलतात हे ठाऊक असलेल्या एका नोकरदार माणसाच्या चिकाटीतून झाला. मला ही गोष्ट त्यामुळेच जास्त आवडते.

जमातवार वस्ती ही कल्पना तेव्हा कुणाला खटकत नव्हती. एकेका समाजानं एकत्र येऊन घरं बांधली तर प्लॉट लवकर उठतात, भाडं वेळेवर येतं, असा ट्रस्टचा व्यवहारी विचार होता. हिंदू कॉलनी हे नावही त्याच मुशीतलं. गिरगावच्या चाळीत दोन खोल्यांत वाढलेला वकील, डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी कारकून इथे भाड्याच्या ब्लॉकमध्ये आला. सोबत शाळा आल्या. त्यातलं किंग जॉर्ज हायस्कूल आज राजा शिवाजी विद्यालय आहे.

याच कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं राजगृह आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ते बांधून घेतलं, मुख्यतः पुस्तकांसाठी. त्याआधी दोन दशकं ते परळच्या पोयबावाडीत, बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होते. म्हणजे ट्रस्टनं कामगारांसाठी बांधलेल्या चाळीतून ते ट्रस्टनंच आखलेल्या मध्यमवर्गीय वसाहतीत आले. हे अंतर फार थोड्या माणसांना कापता आलं. ट्रस्टनं दोन प्रकारच्या माणसांसाठी दोन प्रकारची घरं काढली होती आणि एकातून दुसऱ्यात जायची वाट काही आखलेली नव्हती.

माटुंगा: ब्लॉक, संडास आणि मेस

माटुंग्याची गोष्ट थोडी निराळी आहे. इथे कुणी समाजासाठी प्लॉट राखून घेतले नव्हते. बरेचसे प्लॉट गुजराती-कच्छी मंडळींनी घेतले, इमारती बांधल्या आणि भाड्यानं लावल्या. आणि भाडेकरू भेटले ते मद्रास इलाख्यातून आलेले तरुण: इंग्रजी उत्तम, टायपिंग-स्टेनोग्राफी येणारे, रेल्वेत, बँकांत, कंपन्यांत नोकरी करणारे. दुसऱ्या महायुद्धाआधी घरमालकच भाडेकरू शोधत फिरत, एखाद्या महिन्याचं भाडं सोडत, असं जुने लोक सांगतात. आज ऐकायला खोटं वाटतं.

या इमारतींत एक नवी गोष्ट होती, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ती म्हणजे घरातला संडास. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. ट्रस्टच्या वसाहतीत मैलावाहिनी आधीच घातलेली असल्यानं प्रत्येक ब्लॉकला स्वतःचं न्हाणीघर आणि संडास देता येत होता. सोवळ्याओवळ्याच्या घरांना स्वयंपाकघरापासून चार पावलांवर संडास रुचणं सोपं नव्हतं. यातून तडजोड निघाली. कित्येक जुन्या इमारतींत संडास घराच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, आणि त्याला बाहेरून वेगळं दार. त्या दाराशी येणारा मागचा लोखंडी जिना, बहुधा गोल. सफाईला येणाऱ्या माणसानं घरातून जायचं नाही, म्हणून ती वाट. आज तो जिना गंजलेला असतो आणि त्यावर लोक कुंड्या ठेवतात. आधुनिक फ्लॅट मुंबईत आला तो असा, जात मागच्या दारानं सोबत घेऊन.

एकटे राहणारे कारकून आले म्हणून मेस आल्या, मेसमधून हॉटेलं झाली. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. आस्तिक समाजाचं मंदिर १९२३ पासूनचं, साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ ची, षण्मुखानंद सभा १९५२ ची. क्रम बघा: आधी देऊळ, मग शाळा, मग जेवण, मग संगीत. घर मिळालं की माणूस स्थिरावतो आणि मग एकेक गोष्ट बांधत जातो. व्हीजेटीआयही १९२३ मध्ये भायखळ्याहून माटुंग्याला आली. पुढे रुईया, खालसा अशी कॉलेजं आली. मोकळी जमीन होती म्हणून हे जमलं.

वडाळ्याबद्दल थोडक्यात सांगायचं तर तिथलं विठ्ठल मंदिर या सगळ्या आखणीच्या आधीचं आहे. ट्रस्टचे सरळ रस्ते एका बाजूनं, बंदराची गोदामं आणि मिठागरं दुसऱ्या बाजूनं. आषाढीला ज्यांना पंढरपूर जमत नाही ते इथे रांग लावतात.

शिवाजी पार्क

रुळांच्या पश्चिमेला, जुन्या वाड्यांच्या आणि समुद्राच्या मधे, १९२५ मध्ये महापालिकेनं एक मैदान खुलं केलं. नाव होतं माहीम पार्क. शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानं त्याचं शिवाजी पार्क झालं. (जन्मसाल तेव्हा १६२७ धरलं जाई.) मैदानाभोवती पुढच्या वीसेक वर्षांत गोलाकार गच्च्यांच्या, दोन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या. मराठी मध्यमवर्गाचं केंद्र गिरगावातून दादरला सरकलं ते या दोन दशकांत. मग नाटक आलं, प्रकाशक आले, क्रिकेट आलं, राजकारण आलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या, आणि ३० ऑक्टोबर १९६६ चा शिवसेनेचा पहिला दसरा मेळावाही. याच किनाऱ्यावर डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसं चैत्यभूमीवर येतात तेव्हा या मैदानाच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि पार्कातली काही कुटुंबं त्या दिवसांपुरती बाहेरगावी जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जे नको होतं ते कुठे गेलं?

शहर ‘स्वच्छ’ करायचं म्हटलं की दोन यादी तयार होतात: काय आणायचं आणि काय हलवायचं. दादर-माटुंगा पहिल्या यादीतून झालं. दुसऱ्या यादीतून धारावी.

धारावीत आधीपासून कोळीवाडा होता. मिठी नदीची खाडी, मासेमारी, दलदल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महापालिकेनं दुर्गंधी आणि घाण करणारे धंदे शहराबाहेर काढायला सुरुवात केली. कातडी कमावण्याचा धंदा त्यात पहिला. कत्तलखाना वांद्र्याला, म्हणजे खाडीपलीकडे. कातडी ओली असतानाच पोचवायची असतात, धुवायला पाणी लागतं, आणि वास येतो म्हणून ओरडणारं शेजारी कुणी नको. धारावी तिन्ही हिशेबांत बसली. या कारखान्यांत काम करायला तमिळ मुलखातून मुस्लिम व्यापारी-कारागीर आणि आदि-द्रविड मजूर आले. म्हणजे माटुंग्याचा तमिळ आणि धारावीचा तमिळ एकाच मुलखातून, कधी एकाच गाडीनं आलेले. कुणाच्या हातात टाइपरायटर होता आणि कुणाच्या हातात कातडं, यावर रुळांची बाजू ठरली.

सौराष्ट्रातले कुंभारही शहराच्या आतल्या भागातून हलत हलत इथे आले. भट्टीचा धूर कुणालाच दारात नको होता. कुंभारवाड्यातलं घर आजही लांबट असतं: एका तोंडाला दुकान, मधे राहायची खोली, दुसऱ्या तोंडाला माती आणि चाक, आणि पलीकडे चार-पाच घरांत मिळून एक भट्टी. भट्टीत जळण म्हणून कापसाचा आणि चिंध्यांचा कचरा जातो. दिवाळीच्या आधी महिनाभर पणत्यांच्या रांगा वाळत पडलेल्या असतात आणि त्यांतून वाट काढत पोरं शाळेला जातात.

धारावीत रस्ते आणि गटारं आधी आणि घरं नंतर, असा क्रम कधीच नव्हता. माणसांनी दलदलीत कचरा, माती, डबर टाकून स्वतः भराव केला आणि त्यावर झोपडी घातली. ट्रस्टनं माटुंग्याची खाचरं सरकारी पैशानं भरली. धारावीची दलदल तिथे राहायला आलेल्यांनी आपल्या हातांनी भरली. पहिल्यांना ९९९ वर्षांचा करार मिळाला, दुसऱ्यांना ‘अतिक्रमण’ हे नाव. १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला, तशी कातडी कमावणं कमी होत गेलं. पण चामड्याच्या वस्तू, शिवणकाम, भंगार वेगळं करणं, इडली-चकलीचे घरगुती कारखाने वाढत राहिले. शहर मधल्या काळात इतकं वाढलं की टोकाची धारावी मधोमध आली, आणि खाडीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं.

धारावीला लागूनच माटुंगा लेबर कॅम्प आहे. नावात माटुंगा असला तरी उडुपी हॉटेलांच्या माटुंग्याशी त्याचं काही नातं नाही. सफाई कामगार, मजूर, दलित कुटुंबांची ही वस्ती. शाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या मुंबईतल्या सुरुवातीच्या दिवसांशी आणि लाल बावट्याच्या चळवळीशी ती जोडलेली आहे.

नायगावची बी.डी.डी. चाळ हा या दोन टोकांच्या मधला प्रकार. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. त्यानं गिरणी कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला सिमेंट काँक्रीटच्या चाळी बांधल्या, १६० चौरस फुटांची एकेक खोली. कामगारांना भाडं परवडेना आणि खोल्या आवडेनात, म्हणून कित्येक वर्षं त्या अर्ध्या रिकाम्या होत्या. वरळीच्या काही चाळींचा तर सविनय कायदेभंगाच्या काळात तुरुंग म्हणून वापर झाला. इतक्या भक्कम आणि इतक्या उदास इमारती होत्या, की त्यासाठी फार बदल करावे लागले नसतील.

फाळणीनंतर सायन कोळीवाड्याला लष्करी बराकींत पंजाब-सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली. कोळीवाडा स्टेशनचं पुढे गुरु तेग बहादूर नगर झालं. आणि ‘कोळीवाडा’ नावानं जो तळलेला झिंगा देशभर मिळतो तो कोळणींच्या चुलीवरचा नसून याच पंजाबी मंडळींच्या कढईतला, असं सांगतात.

आता अटी नव्यानं लिहिल्या जात आहेत

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू टिकले, पण मालकानं दुरुस्तीवरचा हात काढून घेतला. हिंदू कॉलनी, माटुंगा, दादर पश्चिमेच्या कित्येक देखण्या इमारती त्यामुळे खचत गेल्या. १९६९ च्या कायद्यानं उपकर लावून सरकारी मंडळाकडून दुरुस्ती करायची सोय झाली. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्दप्रयोग तिथला. आज अशा इमारतींच्या पुनर्विकासाला विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळते. भाडेकरूला मालकीचं घर मिळतं, बिल्डरला विकायला मजले मिळतात. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन मात्र या हिशेबात कुठेच बसत नाही. तीन मजली गल्लीत वीस-पंचवीस मजले उभे राहतात, आणि रस्ता, गटार, पाण्याची लाइन ट्रस्टनं घातली त्याच रुंदीची राहते. भाडेकरूंची बाजू मला पूर्ण पटते. पावसाळ्यात दादरच्या हिंदमाता चौकात तुंबलेलं पाणी बघितलं की बाकीचं पटत नाही.

बी.डी.डी. चाळीतल्या रहिवाशाला १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर देण्याचं ठरलं आहे. धारावीत पात्र ठरणाऱ्या कुटुंबाला ३५० चौरस फूट. पात्र म्हणजे कोण, हे ठरवताना तळमजल्यावर १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा पहिल्यांदा बघितला जातो. त्यानंतर आलेल्यांसाठी आणि पोटमाळ्यावर राहणाऱ्यांसाठी नियम वेगळे, घरही दुसरीकडे. कुंभारवाड्याचा प्रश्न आणखी निराळा आहे, कारण तिथे घर, दुकान आणि भट्टी एकाच छपराखाली मोजावी लागते, आणि भट्टी चौदाव्या मजल्यावर चढत नाही.